बालवाङ्मय आणि आईचे दूध

रायगडावरील हिरकणीची कथा ज्याने ऐकली नाही असा मनुष्य महाराष्ट्रात विरळा. गडावर दूध घालावयास गेलेली गवळण, कोजागिरीचा दिवस, सूर्यास्ताबरोबर बंद झालेले दरवाजे, घरी पाळण्यात राहिलेले तान्हे मूल, आणि रात्रीच्या रात्री उभा कडा उतरून गेलेली ती आई. महाराजांनी पुढे त्या ठिकाणी बुरूज बांधविला आणि त्यास तिचे नाव दिले, असे कथा सांगते. या कथेला ऐतिहासिक कागदपत्रांचा आधार किती, हा प्रश्न निराळा आहे आणि त्यात आज आपणांस शिरावयाचे नाही. ही कथा आपण मुलांना कशी सांगतो, एवढाच आजचा मुद्दा आहे.

हिरकणी कडा का उतरली? मूल तान्हे होते, अंगावर पिणारे होते, आणि त्याला पाजणारे दुसरे कोणी घरी नव्हते. कथेचा सारा कणा एवढ्या एका गोष्टीवर उभा आहे. परंतु मुलांच्या पुस्तकांतून ही कथा वाचताना काय आढळते? ‘आईचे धाडस’, ‘आईची माया’ हे शब्द ठळक असतात. चित्रात बहुधा कडा असतो, चंद्र असतो, खोचलेला पदर आणि दगडाला धरलेले हात असतात. ती घरी पोहोचल्यावर काय झाले, हे सांगण्याची मात्र गरज कोणास फारशी वाटत नाही. मूल पदराखाली घेऊन शांतपणे बसलेली हिरकणी चित्रात क्वचितच दिसते. ज्यासाठी एवढा आटापिटा केला तो क्षणच पुस्तकाबाहेर राहतो.

हा एकट्या हिरकणीच्या कथेचा दोष असता तर त्यासाठी व्याख्यान रचण्याचे कारण नव्हते. परंतु थोडे बारकाईने पाहिले तर लहान मुलांच्या पुस्तकांत आईचे दूध सर्वत्र असेच बाजूला सरलेले दिसते, आणि ते का सरले व त्याने काय बिघडते, हे समजून घेण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण कृष्णाचे घेऊ. दह्याचे मडके फोडणारा कृष्ण आणि त्याला उखळीला बांधणारी यशोदा ही जोडी प्रत्येक मुलाच्या ओळखीची असते. भागवताच्या दहाव्या स्कंधातील नवव्या अध्यायात हा प्रसंग सविस्तर आला आहे. यशोदा ताक घुसळीत बसली आहे. कृष्णाला दूध प्यावयाचे आहे, म्हणून तो येऊन रवी धरून ठेवतो. ती त्याला मांडीवर घेऊन पाजू लागते. इतक्यात चुलीवरचे दूध उतू जाऊ लागते, आणि त्याचे पोट भरले नसतानाच त्याला खाली ठेवून ती धावते. मग तो रागावतो, ओठ चावतो, दगड घेऊन दह्याचे मडके फोडतो आणि आत जाऊन लोणी खात बसतो. पुढचा दोरीचा आणि उखळीचा प्रकार सर्वांस ठाऊकच आहे.

आता मुलांच्या आवृत्तीत हाच प्रसंग पाहा. ‘कृष्ण फार खोडकर होता, एके दिवशी त्याने मडके फोडले’ अशी सुरुवात होते. पाजण्याचा भाग गाळला की मडके फोडण्याचे कारणही गळते. मूळ कथेतला राग कोणत्याही दोन वर्षांच्या मुलाला कळेल असा आहे. पीत असता मध्येच खाली ठेवले तर राग येणारच. घरी नवे बाळ आले आहे आणि आईची मांडी आता आपली राहिली नाही, अशा अवस्थेत असलेल्या थोरल्या भावंडाला तर तो अधिकच कळेल. हे कारण गेले म्हणजे उरतो तो केवळ एक खोडकर मुलगा आणि एक शिक्षा. म्हणजे पुराणकारांना बालमानसाची जी जाण होती ती आपण बालवाङ्मय म्हणून लिहिताना काढून टाकली, असे म्हणावे लागते.

याच कृष्णचरित्रातील दुसरा एक प्रसंग मात्र मुलांच्या पुस्तकांत टिकून राहिला आहे. तो पूतनेचा. स्तनांना विष लावून आलेली राक्षसी आणि तिचे प्राण शोषून घेणारे बाळ ही कथा गाळण्याची कोणास गरज वाटली नाही. परिणाम असा की कृष्णकथा ऐकणाऱ्या मुलाला पाजणारी यशोदा भेटत नाही, आणि पाजणारी पूतना तेवढी भेटते. हे कोणी हेतुपुरस्सर केले आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु जे गाळले गेले आणि जे राहिले, ते एकत्र ठेवून पाहिले म्हणजे त्यातील विपरीतपणा ध्यानात येतो.

आपली जुनी परंपरा या बाबतीत मुळीच संकोची नव्हती. कार्तिकेयाला सहा कृत्तिकांनी पाजले, त्यासाठी त्याला सहा मुखे झाली आणि त्यांच्यावरूनच त्याचे नाव पडले, असे रामायणाच्या बालकांडात सांगितले आहे. महाभारताच्या वनपर्वात मांधात्याची कथा आहे. युवनाश्व राजाच्या पोटी जन्मलेल्या या मुलाला आई नव्हती, तेव्हा हा काय पिणार असा प्रश्न उभा राहिला आणि इंद्राने आपले बोट त्याच्या तोंडात दिले. त्या प्रसंगावरूनच त्याला मांधाता हे नाव मिळाले. वेरूळच्या लेण्यांतील सप्तमातृकांच्या जवळ मुले आहेत. युरोपातही बाळ येशूला पाजणारी मेरी शतकानुशतके चित्रकारांचा आवडता विषय होती. देवतेने मूल पाजावे यात कोणालाही कमीपणा वाटला नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासातही एक नाव आहे. संभाजीराजांचा जन्म १६५७ साली पुरंदरावर झाला. सईबाईसाहेबांची प्रकृती ठीक नव्हती, म्हणून कापूरहोळच्या धाराऊला दूधआई म्हणून आणण्यात आले. संभाजीराजांच्या चरित्रात तिचे नाव आजही आदराने घेतले जाते. दूधआई हा शब्द मराठीत किती सहज आणि किती मानाचा होता, हे त्यावरून दिसते.

आपली भाषाही या अनुभवाने भरलेली आहे. तान्हा, तान्हुले, पाजणे, अंगावरचे दूध, वरचे दूध, दूध तोडणे, पदराखाली घेणे हे शब्द आपल्या बायकांनी रोज वापरले. त्यातला ‘पान्हा’ हा शब्द तर विशेष आहे. मूल ओढू लागले म्हणजे त्याची वर्दी मज्जातंतूंवाटे मेंदूपर्यंत जाते, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक रक्तात उतरते, आणि त्यामुळे दूध साठविणाऱ्या बारीक पिशव्यांभोवतीचे स्नायू आकुंचन पावून दूध पुढे ढकलले जाते. कित्येकदा मूल ओढण्याचीही वाट पाहावी लागत नाही. त्याचे रडणे ऐकले किंवा त्याची आठवण झाली तरी पुरते. उलट भीती, ताण किंवा वेदना असतील तर पान्हा अडतो. शरीरशास्त्राने ही यंत्रणा अलीकडे उलगडली, पण तिला एका शब्दात पकडणारे नाव आपल्या भाषेत आधीपासून होते. वासरू समोर नसेल तर गाय पान्हा चोरते, हे प्रत्येक गवळ्याला ठाऊक असते. हिरकणी स्वतः गवळण होती. दिवसभर भरून आलेल्या छातीची कळ आणि घरच्या मुलाची भूक या दोन्ही गोष्टींनी तिला कड्याकडे ओढले असणार, हे कोणत्याही बाळंतिणीला सांगावे लागणार नाही.

परंतु पुस्तकांत या शब्दांचे काय झाले? ते अलंकार झाले. ‘आईच्या दुधाची लाज राख’ हे रणांगणावर जाणाऱ्या मुलाला सांगावयाचे वाक्य झाले. ‘वात्सल्याचा पान्हा’ देशाला फुटू लागला, निसर्गाला फुटू लागला. दूध शब्दांत भरपूर राहिले. बाळाला पाजण्याच्या साध्या कामातून मात्र ते निघून गेले.

शाळेच्या पुस्तकातही हीच गोष्ट वेगळ्या प्रकारे घडते. मनुष्य हा सस्तन प्राणी आहे, हे मुलगा किंवा मुलगी प्राथमिक शाळेत शिकते. या वर्गाचे शास्त्रीय नाव लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली रूढ केले. तोवर या प्राण्यांना चतुष्पाद म्हणत असत. त्याने पाय सोडून स्तन हे लक्षण निवडले. हा लिनियस वैद्यही होता, आणि खानदानी घरांतील स्त्रियांनी आपली मुले दाईकडे न देता स्वतः पाजावीत असा आग्रह धरणारा निबंध त्याने १७५२ साली प्रसिद्ध केला होता. म्हणजे ‘सस्तन’ या आपल्या शब्दामागे आईच्या दुधाविषयीचा एक आग्रहही उभा आहे. पण या धड्याशेजारी चित्र असते ते गाय-वासराचे, मांजर आणि तिच्या पिलांचे, फार तर देवमाशाचे. मनुष्य या वर्गात नावापुरता असतो. मांजर पाजते, गाय पाजते, डुकरीण पाजते. माणसाचे बाळ काय पिते, हे चित्रावरून कळावयाचे नाही.

ती पोकळी दुसऱ्या वस्तूने भरून काढली आहे. ती म्हणजे बाटली. लहान मुलांच्या चित्रपुस्तकांत, विशेषतः इंग्रजीतून आलेल्या पुस्तकांत, ‘बाळ’ दाखवावयाचे म्हणजे त्याच्या शेजारी दुधाची बाटली काढण्याचा प्रघात आहे. मुलींच्या बाहुलीबरोबर बाटली येते. १९३० च्या सुमारास अमेरिकेत बाटलीने पाणी पिणाऱ्या बाहुल्या बाजारात आल्या आणि तेव्हापासून हा खेळ जगभर चालत आला. पुष्कळ विमानतळांवर आणि स्थानकांवर बाळाच्या खोलीची खूण म्हणून बाटलीचेच चित्र असे. आईने पाजण्याची खूण दाखविणारे, सर्वांना वापरता येईल असे चिन्ह अमेरिकेत एका मासिकाच्या स्पर्धेतून २००६ साली पुढे आले; ते मॅट डेगल या चित्रकाराने काढले. इंग्लंडमध्ये काही संशोधकांनी १९९९ सालच्या एका महिन्यातील दूरचित्रवाणीचे कार्यक्रम तपासले, तेव्हा बाटलीची दृश्ये शंभराहून अधिक आढळली आणि प्रत्यक्ष पाजण्याचे दृश्य केवळ एक. बाटलीचे चित्र काढणाऱ्या चित्रकाराच्या मनात कोणाची जाहिरात करण्याचा हेतू नसतो. खूण सोपी आणि सवयीची असते, म्हणून ती पडते. परंतु मुलाच्या मनावर ठसा उमटावयाचा तो उमटतोच.

डब्याच्या बाबतीत समाजाने हा ठसा ओळखला आहे. आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या विक्रीवर बंधने घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता जागतिक आरोग्य परिषदेने १९८१ साली मंजूर केली. तिच्या बाजूने ११८ मते पडली आणि विरोधात एकटे अमेरिकेचे. भारताने १९९२ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि २००३ साली तो अधिक कडक केला. या कायद्याप्रमाणे अशा दुधाच्या डब्यावर बाळाचे किंवा स्त्रीचे चित्र छापता येत नाही, आणि त्याची व बाटलीची जाहिरात करता येत नाही. एके काळी गुटगुटीत बाळाला डब्यावरच्या बाळाचे नाव देण्याची आपल्याकडे पद्धत पडली होती. चित्राचा प्रभाव किती असतो हे त्यावरून समजावे. गोष्टींच्या पुस्तकांना हा कायदा लागू नाही, आणि तो लागू व्हावा असे कोणी म्हणणारही नाही. तेथे लेखक, चित्रकार आणि पुस्तक विकत घेणारे आईबाप यांची समजूत हाच कायदा.

येथे एक शंका सहज निघेल. आमच्या आजीच्या काळी मुलांच्या पुस्तकांत असली चित्रे कोठे होती? मग तेव्हा काय अडले? शंका रास्त आहे. उत्तर असे की तेव्हा पुस्तकाची गरज नव्हती, कारण घर हेच पुस्तक होते. वाड्यात किंवा चाळीत वाढणाऱ्या मुलीला आई, काकू, आत्या, शेजारीण यांच्यापैकी कोणी ना कोणी मूल पाजताना रोज दिसे. मूल कसे धरावयाचे, किती वेळ पाजावयाचे, छाती दाटली तर काय करावयाचे, हे तिने न विचारता पाहिलेले असे. आता घर दोन खोल्यांचे, माणसे तीन किंवा चार. बाळंतपण रुग्णालयात होते. कित्येक मुलींनी जन्मात पहिल्याने मूल पाजताना पाहिलेले असते ते स्वतःचेच. पाजणे ही उपजत गोष्ट आहे असे आपण म्हणतो. बाळाच्या बाजूने ते बरेचसे खरे आहे, आईच्या बाजूने मात्र ते पाहून शिकावयाचे काम आहे. हार्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आईवेगळ्या वाढविलेल्या माकडिणींचा अभ्यास केला, तेव्हा त्यांतील अनेकींना पुढे आपली पिले सांभाळता येईनात, असे त्याला आढळले. जे कधी अनुभवले नाही, पाहिले नाही, ते वेळेवर आपोआप येतेच असे नाही.

हा प्रश्न केवळ भावनेचा नाही, हेही आकडे सांगतात. जन्मल्यापासून तासाभरात मूल अंगावर घ्यावे, सहा महिने दुसरे काहीही, पाणीसुद्धा, देऊ नये, आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा अधिक काळ पाजावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील शेकडा ८८ हून अधिक बाळंतपणे रुग्णालयांत झालेली आढळली. पण तासाभरात पाजली गेलेली मुले शेकडा ४२ च्या आसपासच होती. सहा महिन्यांच्या आतील मुलांपैकी निव्वळ आईच्या दुधावर असलेली शेकडा ६४ च्या जवळपास निघाली. म्हणजे डॉक्टर आणि परिचारिका जवळ असूनही पहिला तास निम्म्याहून अधिक मुलांच्या हातून जातो. पहिला चीक, जो रोगप्रतिकारक द्रव्यांनी भरलेला असतो, तो पिळून टाकण्याची चाल काही घरांत होती. गाईच्या चिकाचा खरवस मात्र आपण चवीने खाल्ला. जगात आईचे दूध जवळजवळ सर्व बाळांना मिळू लागले तर दरवर्षी सुमारे आठ लाख बालमृत्यू टळतील, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१६ साली प्रसिद्ध केला.

चित्रपुस्तकाने एवढे सारे साधेल असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. कामावर जाणाऱ्या बाईला रजा लागते, जागा लागते, घरच्यांचा हातभार लागतो. राज्य परिवहनाच्या स्थानकांवर पाजणाऱ्या आयांसाठी खोल्या झाल्या आणि त्यांना ‘हिरकणी कक्ष’ हे नाव मिळाले, ही समाधानाची गोष्ट आहे. ज्याने हे नाव सुचविले त्याला हिरकणीच्या कथेचे मर्म पाठ्यपुस्तकांपेक्षा अधिक कळले होते. परंतु ती खोली वापरणाऱ्या बाईला संकोच वाटू नये, तिच्याकडे पाहणाऱ्याची नजर सरळ असावी, यासाठी लहानपणीच काहीतरी पेरावे लागते. ते काम पुस्तकाचे आहे.

दुसरा आक्षेप मर्यादेचा. मुलांच्या हाती असली चित्रे द्यावीत काय? ज्यांनी दिली त्यांचा अनुभव पाहावा. १९७७ साली अमेरिकेत ‘सेसमी स्ट्रीट’ या लहान मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात बफी सेंट-मेरी या गायिकेने आपल्या मुलाला पाजले. कार्यक्रमातील मोठ्या पिवळ्या पक्ष्याने ती काय करते आहे असे विचारले, तिने दोन वाक्यांत सांगितले, पक्ष्याचे समाधान झाले आणि कार्यक्रम पुढे गेला. मुलांची उत्सुकता एवढीच असते. अडचण मोठ्यांची असते. २००७ साली तिकडेच निघालेल्या ‘ममाज मिल्क’ या चित्रपुस्तकात निरनिराळे प्राणी आपल्या पिलांना पाजताना दाखविले आहेत आणि त्यांच्या रांगेत माणसाची आईही बसविली आहे. आपल्या सस्तनांच्या धड्याला जे जमले नाही ते तेथे जमले. आपल्याकडे तर मर्यादेचा प्रश्न पदराने केव्हाच सोडविला आहे. मूल पदराखाली घेऊन बसलेली बाई आपण गाडीत, देवळात, लग्नमंडपात पाहत आलो. तेच चित्र पुस्तकात आले तर कोणाचे काय बिघडणार आहे?

तिसरा आक्षेप अधिक नाजूक आहे आणि तो मनावर घेतला पाहिजे. काही आयांना दूध येत नाही, काहींना आजार असतो, काही मुले दत्तक असतात, काहींची आई नसते. अशा घरातल्या मुलाने ही पुस्तके वाचली तर त्याला काय वाटेल? येथे आपल्या कथाच मदतीला येतात. धाराऊ आहे, सहा कृत्तिका आहेत, बोट चोखून वाढलेला मांधाता आहे. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली आशियातील पहिली दूधपेढी निघाली. तेथे एका आईचे दूध दुसरीच्या अशक्त बाळाला मिळते. चांदीच्या बोंडल्याने दूध पाजलेली मुलेही आपल्या घरांत वाढलीच की. पुस्तकात बाटली असूच नये असे नाही. सध्या सारे पान तिने व्यापले आहे, तेथे आईलाही जागा व्हावी, इतकेच. पाजणे हे पुण्य आणि न पाजणे हे पाप, असा उपदेश करणारी पुस्तके मात्र कृपा करून कोणी लिहू नयेत.

मग काय करावे? नवी, खास या विषयाची पुस्तके हवीत असे नाही. आज मराठीत घरातले साधे जीवन मुलांच्या नजरेने दाखविणारी पुस्तके निघाली आहेत. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ने ते किती गोड होऊ शकते हे दाखवून दिले. नव्या बाळाच्या गोष्टीत, बारशाच्या गोष्टीत, मामाच्या गावाच्या गोष्टीत कोपऱ्यात एक मामी मूल घेऊन पाजत बसलेली असावी, आणि तिच्याविषयी एक अक्षरही लिहू नये. हिरकणीच्या धड्याला शेवटचे एक चित्र जोडावे. यशोदेची कथा भागवतात आहे तशी, कारणासकट सांगावी. सस्तन प्राण्यांच्या चित्रांत गाईशेजारी माणसालाही बसवावे.

आणि श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी नातवंडे आहेत त्यांना तर पुस्तकाचीही वाट पाहावयास नको. उद्या रात्री हिरकणीची गोष्ट सांगाल तेव्हा ती कडा उतरली तेथे थांबू नका. ती घरी गेली, बाळ रडत होते, तिने ते उचलले, पाजले, आणि मग दोघेही झोपली, येथपर्यंत सांगा. गोष्ट ऐकणारे मूलही बहुधा तोवर झोपलेले असेल.